टॉवेलाखाली घेतलेला पियानो

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अणदूर, रविवार दुपार

तीर्थरूप दाजींना धुळाप्पाचा दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून नमस्कार. (मान खाली का, ते पुढं येतंच.) तुमची पाठ आता कशी आहे? अक्काची साखर उतरली का? कळंबला सोयाबीनचा भाव काय निघाला, तुमच्या संगीताच्या तासाला पोरं गप बसतात का, हेही विचारायचं होतं. पण ते विचारत बसलो तर मुद्दा राहून जाईल आणि मला तेच बरं वाटेल, म्हणून आवरतो. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही हसलेलं ऐकू येतं. आता काय हसायचं ते तिकडं हसून घ्या.

तर विषय आमच्या महेश्वरीच्या कीबोर्डाचा. दिवाळीच्या सुट्टीत पोरगी तुमच्याकडं राहून काय शिकून आली कोण जाणे, तेव्हापासून बसेल तिथं बोटं नाचवते. ताटावर, दप्तरावर, मी पालथा झोपलो तर माझ्या पाठीवर. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागतगीत वाजवायला बाईंनी तिचं नाव घेतलंय. पण शाळेत वाद्य नाही, ज्याचं त्यानं आणायचं, नाहीतर नाव दुसरीला. तुम्ही तिच्याजवळ निरोप धाडला होता की एकसष्ट पट्ट्यांचा घ्या, पट्ट्या पूर्ण मापाच्या बघा, हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर जोरात वाजला पाहिजे, बाकी दिवे न् शंभर आवाज असल्या गोष्टींना भुलू नका. इतकं स्वच्छ सांगितलं होतं की आमच्या शेळीलाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण माझा उभा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला, मला खरेदी कुणी शिकवायची?

दहा हजार खिशात घालून पोरीला घेऊन सोलापूरला गेलो. दुकानात गेल्या गेल्या तिनं एक कीबोर्ड बरोबर हेरला, तुम्ही सांगितलेला तसाच, आणि दुकानदाराला विचारून वाजवायला बसली. दाजी, खरं सांगतो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण आतल्या खोलीतनं दुकानदाराची बायको हातातला चहा तसाच घेऊन बाहेर आली आणि उभी राहून ऐकत राहिली. किंमत साडेनऊ. बजेटात बसली होती. शहाण्या माणसानं पैसे मोजले असते. मी काय केलं? तो कीबोर्ड उचलून बघितला. एका हातात आला हो! नुसतं प्लास्टिक. काखोटीला मारून कुणीही पळवावा असला माल, म्हणलं सातच्या वर एक रुपया नाही. तो हसून म्हणला, काका, भाव एकच आहे. मग मी जे आजवर करत आलो तेच केलं. हात झटकले, पोरीचं मनगट धरलं आणि दाराबाहेर पडलो.

मी निघालो आणि मागून हाक आली नाही, असं आजवर झालं नव्हतं. हळू चाललो. वाकून चपलेचा अंगठा नीट केला (तो नीटच होता). रसाच्या गाड्यापाशी उभा राहून उगीच उसाकडं बघितलं. कुणी बोलावलं नाही. महेश्वरी म्हणली, अप्पा, आपणच परत जाऊ या ना. आता कुठल्या तोंडानं परत जायचं? मी तिला सांगितलं, माघारी गेलं की भाव चढतो. बापानं पोरीला इतकी थापाडी शिकवण देऊ नये, पण दिली.

पुढच्याच गल्लीत महेबूबभाईंचं जुन्या सामानाचं दुकान. कपाटं, पलंग, न्हाव्याची खुर्ची, आणि त्यात उभा एक काळाभोर पियानो. खरा, लाकडी, चौघांनी उचलावा असा. माझं भानच हरपलं. जवळ गेलो, पाठीवर थाप मारली, झाकण वर करून दात बघितले, मागून एक चक्कर मारली. वयानं थकलेला होता, पण हाडापेरानं दणकट. महेबूबभाई म्हातारा आणि देवमाणूस. स्वतःहून म्हणले, “भाऊ, ये बजता नै. हाटेलात नुसता शोभेला ठेवतात, त्यासाठी आणलाय.” दाजी, बाजारात जो मालक आपल्याच जनावराची खोड सांगतो, त्यानं ते दुसऱ्या कुणाला तरी देऊ केलेलं असतं आणि आपल्याला टाळायचं असतं. खरं बोलणारा माणूस समोर आला तर काय करायचं, याची मला सवयच नाही. मी मनात म्हणलं, म्हातारा पक्का आहे, आता हा पियानो सोडायचाच नाही.

खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यांचा हात धरला, वरून टॉवेल टाकला आणि आमच्या रिवाजाप्रमाणं बोटं दाबून सौद्याला सुरुवात केली. (एक बोट म्हणजे एक हजार, अख्खा पंजा म्हणजे पाच. भाव आजूबाजूच्याला कळू नये म्हणून हे टॉवेलाखाली चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांना ठाऊक नव्हतं.) सहा दाबले. हात गार. आमच्यात गप पडलेला हात म्हणजे ‘परवडत नाही, वर चढा’. सात दाबले. ते म्हणले, “बीपीची गोळी सकाळीच घेतली मी.” त्यांना वाटलं मी नाडी बघतोय! मला वाटलं, काय मुरलेला गडी आहे, विषयच बदलतो. आठ. तरी हात हलेना. नऊ दाबल्यावर त्यांनी हात ओढून घेतला आणि ओरडले, “ले जाओ बाबा, ले जाओ!” मी विजयानं टॉवेल झटकला आणि नऊ हजार त्यांच्या हातात कोंबून ते काही बोलायच्या आत टेम्पो बघायला धावलो. हे सगळं होईपर्यंत महेश्वरी माझा सदरा ओढत होती. सोलापूर मागं पडल्यावर तिनं सांगितलं की पियानोच्या मागं चिठ्ठी होती, त्यावर किंमत सात हजार लिहिली होती. म्हणलं, मग तिथंच का बोलली नाहीस? तर म्हणली, “चार लोक बघत होते, अप्पा.”

गावात आलो तर पियानो घराच्या दारातून आत जाईना. आडवा केला, उभा केला, शेवटी गोठ्यात ठेवला. आमचा खंडोबा दरवर्षीप्रमाणं सध्या नळदुर्गच्या देवळात मुक्कामी, गावाला दुसरं काही बघायला नाही, त्यामुळं सगळं अणदूर गोठ्यात. गल्लीतल्या मथुराबाईनं हळदकुंकू वाहिलं, कुणीतरी नारळ फोडला. आणि मी, दाजी, मी भाषण केलं. आपल्या गावातला पहिला पियानो, माझ्या लेकीसाठी, वगैरे. मग तिला म्हणलं, वाजव. तिनं पट्टी दाबली. खट. दुसरी दाबली. खट. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग खालमानेनं दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले, बोटं चालवायला लागली आणि तोंडानं मोठ्यानं सूर म्हणायला लागली. अख्खं स्वागतगीत, एकही खट ऐकू येऊ न देता. मागच्यांना वाटलं पियानोच वाजतोय. टाळ्या पडल्या. शेजारच्या कडूबाई म्हणल्या, “किती गोड वाजतंय बाई, अगदी माणसासारखा आवाज!”

मला लाज वाटली, दाजी. पैशाची नाही. तेरा वर्षांची पोरगी भर गोठ्यात माझी अब्रू झाकत होती आणि मी पुढं उभा राहून टाळ्या घेत होतो.

दुसऱ्या दिवशी महेबूबभाईंनी टेम्पोवाल्याबरोबर दोन हजार परत धाडले. निरोप असा की किमतीपेक्षा जास्तीचे घेतले तर झोप लागत नाही, आणि माझी नाडी बघून वैद्यबुवांचं निदान काय निघालं तेवढं कळवा. सध्या पियानोत कोंबडी बसते. बैल त्याच्या बाजूला तोंड करत नाहीत. महेश्वरी रोज संध्याकाळी जाऊन मुक्या पट्ट्यांवर सराव करते. ती एकदा रागावली असती तर माझं जेवण तरी नीट गेलं असतं. संमेलन पुढच्या पंधरवड्यात आहे.

बाकी इकडं सगळं ठीक. अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि हसून झालं असेल तर तुम्हाला पुन्हा एकदा दंडवत.

तुमचा,
धुळाप्पा

ता. क. कळंबला कुणाला शोभेचा पियानो हवा असेल तर बघा. मजबूत आहे. (वाजत नाही. हे मी आधीच सांगतोय, माझ्यात एवढा फरक पडलाय.)

ता. क. दुसरा. पैसे मागायला लिहिलं असं समजू नका. काल दोन शेळ्या विकल्या, साडेनऊ हजार तयार आहेत. तुम्ही फक्त येत्या रविवारी त्या दुकानात जा आणि तिनं वाजवलेला तो कीबोर्ड घ्या. माझं नाव काढू नका. मी सोलापूरच्या स्टँडापर्यंत येतो, पण त्या दुकानाची पायरी माझ्यानं चढवत नाही. पाया पडतो, एवढं करा.

ता. क. तिसरा. महेश्वरीला यातलं काही कळू देऊ नका. या पत्राचा फोटो काढून तुमच्या व्हॉट्सअपवर टाकायला तिलाच सांगणार आहे, कारण मला ते जमत नाही. बांधाच्या भांडणाचं पत्र आहे, मोठ्यांचं वाचू नये, असं बजावलंय. पोरगी आज्ञाधारक आहे, वाचणार नाही.

मामा, फोटोखाली हे मी टाइप करतेय, महेश्वरी. फोटो नीट आलाय का ते बघताना वाचलं गेलं. तुम्ही दुकानात जाऊ नका. अप्पांना सांगा की शाळेचं काम आहे, वेळ नाही. मी त्यांनाच घेऊन जाते. पाटीवर दुकानाचा नंबर होता, तिथं मी फोन केला. दुकानवाले काका म्हणाले, भाव साडेनऊच राहील. पण अप्पा दाराबाहेर पडले की मागून हाक मारायचं त्यांनी कबूल केलंय. दोनदा मारतो म्हणाले.