अर्ध्या भिंतीचे रंगारी

तीर्थरूप मामांना त्यांच्या टकळी भाचीचा अगदी वाकून नमस्कार. (वाकताना पाठीतले कोणकोणते स्नायू कामाला लागतात ते मला आता नावानिशी सांगता येतं, पण ते राहू दे.)

तुमची प्रकृती ठीक असेल, मामींचे गुडघे कुरकुरत का होईना चालत असतील, आणि तुमचं रंगकाम नेहमीसारखं अर्ध्या भिंतीपर्यंत झकास होत असेल. तुम्ही शिडी विकायला काढलीत असं आईनं कळवलं. त्यावर मला पुष्कळ बोलायचं आहे. पण मी थेट मुद्द्यावर आले तर पत्र दुसऱ्याच कोणाचं आहे असं तुम्हाला वाटेल, म्हणून आधी माझी हकिकत ऐका.

मला नोकरी लागली हे सगळ्यांना माहीत आहे, कसली ते कोणालाच नाही. आईनं शेजारीपाजारी ‘डॉक्टरच म्हणा ना’ असं सांगून ठेवलंय. खरं सांगायचं तर मी लोकांच्या पाठीला तारा चिकटवते. मानेमागून निघून दोन्ही खांद्यांवर पसरलेला आणि खाली अर्ध्या पाठीपर्यंत उतरलेला एक भलामोठा स्नायू असतो, त्याला ट्रॅपिझियस म्हणतात. खांदा वर उचलणं, पाठीचं पातं (खांद्यामागचं ते चपटं हाड) जागेवर धरणं, हात डोक्याच्या वर नेताना ते पातं फिरवणं, ही सगळी त्याची कामं. त्याला हुकूम सोडते ती मेंदूकडून येणारी अकरावी नस. मानेतल्या आणखी दोन नसा त्याच्याकडे जातात. त्या फक्त खबर परत नेतात की अधूनमधून स्वतःही हुकूम सोडतात, यावर विद्वानांची जुंपली आहे आणि त्याचाच शोध आमच्या मोठ्या बाई (म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख) लावताहेत. आपल्या घरात हुकूम नक्की कोणाचा चालतो हे अजून ठरलेलं नाही, तिथे पाठीचं काय घेऊन बसलात!

माझं काम म्हणजे धडधाकट माणसं जमवायची, त्यांना सदरा काढून स्टुलावर बसवायचं, जेली लावून तारा चिकटवायच्या आणि ‘खांदे उडवा’ म्हणायचं, की स्नायूचा जोर यंत्राच्या पडद्यावर रेघ होऊन चढतो. ऐकायला सोपं वाटतं. पण मामा, सांगून खांदे उडवता येणारा माणूस लाखात एक. कोणी मान हलवतं, कोणी हात वर करतं, एका शिंप्यानं तर उठून कवायतच सुरू केली. एक निवृत्त हेडमास्तर आले, ते म्हणाले, खांदे उडवणं हा उर्मटपणा आहे, त्यासाठी मी पस्तीस वर्षं मुलांना बाकावर उभं केलंय, या वयात मी ते करणार नाही. मी म्हटलं बरं, नका करू. मग सहज विचारलं, हल्लीच्या मुलांना पाढे येत नाहीत, चूक कोणाची हो सर? त्यांचे दोन्ही खांदे असे काही उडाले की पडद्यावरची रेघ वरच्या काठाबाहेर गेली. बाई खूश झाल्या. पण बाई पाहायला आत आल्या की आणखी एक पंचाईत होते. कोणाचीही पाठ असो, रेघ आपोआप चढते आणि त्या बाहेर जाईपर्यंत उतरत नाही. बाईंना वाटतं यंत्र बिघडलंय. खरं कारण त्यांना सांगायची छाती आमच्यात कोणाची नाही.

तर गेल्या मंगळवारी एक हमाल आले. हे धडधाकटांतले नव्हते, बाईंनी मुद्दाम बोलावलेले. मानेच्या बाजूची एक साधी गाठ काढली, तेव्हापासून पोतं उजव्या खांद्यावर ठरत नाही, घसरतं म्हणाले. घरचे म्हणतात नाटकं करतो. बाईंनी त्यांना दोन्ही हात बाजूनं वर न्यायला सांगितले. डावा गेला कानापाशी, उजवा खांद्याच्या रेषेत येऊन अडला, आणि पाठीचं पातं दार अर्धवट उघडावं तसं बाहेर आलं. बाई म्हणाल्या, ती अकरावी नस मानेच्या बाजूला अगदी कातडीखालून जाते, गाठ काढताना दुखावली जाऊ शकते. मी मागे जेलीची डबी घेऊन उभी होते. डबी हातातून सुटली, जेलीवर माझा पाय पडला, मी तारांना धरलं, तारांनी यंत्राला धरलं, आणि आम्ही सगळे जमिनीवर आलो. हमालदादांनीच मला डाव्या हातानं उठवलं. बाई ओरडल्या, लक्ष कुठंय तुझं?

लक्ष तुमच्याकडे होतं, मामा. तीन वर्षांपूर्वी तुमच्या मानेतली उजवीकडची गाठ काढली, ती साधी निघाली, आपण सगळे सुटलो म्हणून हसलो. त्यानंतर तुम्ही शिडीवर चढला नाहीत. भिंती खालून अर्ध्या रंगवायच्या आणि वर पांढरं सोडायचं. ‘खोली उंच दिसते’ असं गिऱ्हाइकाला पटवायचं. मामी म्हणाल्या, गाठीबरोबर यांच्या अंगातलं कामही काढून टाकलं वाटतं. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते. तुम्हीही हसलात. हात वर जात नाही हे तुम्ही कधीच बोलला नाहीत. आळशी म्हटलं तरी काम मिळतं, हात गेला म्हटलं की मिळत नाही, असंच ना? मला माझ्या त्या हसण्याची फार लाज वाटते. माफ करा.

मी बाईंना विचारलं. पहिल्या वर्षात कळलं असतं तर नस जोडता येण्याची आशा जास्त होती. आता तपासल्याशिवाय त्या काही कबूल करत नाहीत. पण व्यायामानं फरक पडतो, आणि दुसऱ्या स्नायूंची जागा बदलून त्यांना हे काम देणारी शस्त्रक्रियाही आहे म्हणाल्या. तेव्हा शिडी एवढ्यात विकू नका. बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, लहानांना धपाटे.

तुमची,
टकळी

ता. क. येत्या मंगळवारी सकाळी दहाला तुमचं नाव लिहून टाकलं आहे. विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात.

ता. क. आणखी एक. मामी, तुमची पत्रं मोठ्यानं वाचायची सवय मला माहीत आहे, म्हणून हे सगळं खरं तर तुम्हालाच लिहिलंय. आता वाचन थांबवा आणि मामांना विचारा, मंगळवारी जायचं ना? ते ‘मला काय धाड भरलीय’ म्हणतील आणि खांदे उडवतील. तेव्हा नीट बघा. डावा एकटाच उडेल.