कवीच्या खाटेवरची झोप

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

आईला सुदर्शनचा आणि संध्याचा जयभीम.

फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून लिहायला बसलो. आम्ही बरे आहोत. संध्या आता डोक्याला रुमाल बांधते, इथं ऊन लई आहे. जेवतेही, थोडं थोडं.

आज रिपोर्ट दुपारनंतर मिळणार होता. तोवर दवाखान्यामागचं कवीचं घर बघायला गेलो. शाळेत ज्यांची कविता मी घरभर म्हणत फिरायचो, त्यांचंच. सगळं जसंच्या तसं ठेवलंय. कंदील, चष्मा, गोधडी घातलेली खाट. खाटेभोवती दोरी आणि हात लावू नका अशी पाटी.

तिथंच संध्याला भोवळ आली. देखरेखीला असलेल्या कडूबाईंनी दोरी सोडली आणि तिला सरळ त्या खाटेवर निजवलं. मी पाटीकडं बघत राहिलो, तर म्हणाल्या, "कवी असते तर त्यांनीच उठून जागा दिली असती."

कितीतरी दिवसांनी ती गाढ झोपली. बघायला आलेल्या लोकांना कडूबाई दारातच सांगायच्या, "हळू. आत पाहुणी झोपलीय." लोकही ओट्यावर गुपचूप बसून राहिले.

जाग आली तेव्हा संध्याला कळंना, आपण कुठं आहोत. पदर सावरत घाईनं कडूबाईंनाच तू समजून म्हणाली, "आत्या, उशीर झाला, चहा ठेवते."

कडूबाई म्हणाल्या, "पड गं तू. मी ठेवते."

रिपोर्टमध्ये घाबरण्यासारखं काही नाय, फक्त अजून थोडे दिवस थांबा म्हणालेत. चिमी रात्री उठते का? तिला सांग, तुझी आई येते.

घरी आली की संध्या पहिल्याच सकाळी चुलीकडं धावेल. आई, तेव्हा तूही तिला तेवढंच म्हण.

तुझा,
सुदर्शन