कुनीताईंचा गळा आणि अक्षरांची गाणी

ता. ४ नोव्हेंबर, मंगळवार
आज सईनं 'क'चं गाणं पूर्ण म्हटलं! काय गोड म्हणते माझी नात. समोरच्या फ्लॅटातल्या कुनीताई शिकवतात. त्या ओडिशाच्या, माझ्यासारख्याच लेकाकडे इथे सौदीत, खोबरला आलेल्या. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, म्हणून जमतं. त्यांच्याकडे जुन्या ओडिया कवीचं पुस्तक आहे. एकेका अक्षराचं एकेक गाणं, 'क'च्या गाण्यात प्रत्येक ओळ 'क'नंच सुरू. सगळं राधाकृष्णाचं. मी चौथी शिकलेली, मुळाक्षरांची अशी मजा मला कुणी दाखवली नव्हती. वर रागाचं नाव छापलंय. पण चाल कुठाय? "वो तो गले में है," म्हणाल्या. त्यांच्या आजीकडून आलेली.
आणि त्याच गळ्यात आता गाठ. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणतो, आवाज बदलेल, कदाचित जाईलसुद्धा.

ता. ७, शुक्रवार
सुट्टी. माझ्या लेकानं, निलेशनं सगळ्यांना समुद्रावर नेलं. कु.ताई तिथेही बाकावर बसून शिकवत होत्या. 'ख' झाला, 'ग' चालू. सई कंटाळली. "आजी, बस ना, खलास!" मी डोळे वटारले. मग वाईट वाटलं. पोरीला घाई कशाची ते सांगितलेलंच नाही. कणसं घेतली, फार खारट. कु.ताईंनी आपलं माझ्याकडे सरकवलं. गिळवत नाही त्यांना.

ता. ९, रविवार
निलेशनं गाणी फोनमध्ये भरून घेतली. म्हटलं, सुटलो बाई. तर सई फोन ऐकून हुबेहूब शिकली, मधला खोकलासुद्धा! प्रत्येक ओळीआधी खाकरते. सूनबाई हसून बेजार. कु.ताई हसल्या नाहीत. "मेरी बीमारी भी सीख गई," एवढंच म्हणाल्या.

ता. ११, मंगळवार
उद्या ऑपरेशन. निम्म्याहून जास्त अक्षरं राहिली. त्यांचा लेक विचारत होता, "माँ, गाँव में और किसको आता है?" कुणालाच नाही म्हणाल्या, आणि पुस्तक मिटलं. आमच्या आईची जात्यावरची गाणी अशीच गेली. गिरणी आली, आम्ही खूश, दळण डोक्यावर घेऊन पळायचो. गाणी कुठं गेली कुणी विचारलं नाही. आज आरती म्हणताना मधेच अडले. रोजची आरती!

ता. १२, बुधवार
झालं. गाठ साधी निघाली म्हणे. देवा. पण आवाजाचं कुणी सांगत नाही. बोलायला बंदी.

ता. १७, सोमवार
कु.ताई घरी आल्यात. डॉक्टरनं बोलायला सांगितलंय, पण तोंड उघडत नाहीत. लेकानं हात जोडले, तर त्यांनी मान हलवली नुसती. मी आग्रह केला नाही. मला कळतं ते. बोलून बघितलं की काय ते समजणारच, त्यापेक्षा...
संध्याकाळी आमच्याकडे आणून बसवलं. सई 'ग'चं गाणं म्हणायला लागली. कु.ताई मांडीवर ताल देत होत्या. एका ओळीत सई भलतीकडेच गेली. हात थांबला. कु.ताईंनी ओठ उघडले, माझ्याकडे बघितलं.
मी उठले. चहा ठेवते म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठ्ठा सोडला, त्यांचा आवाज मला ऐकू येऊ नये म्हणून.