माझ्या बर्फाची गाडी

२९ मार्च २०२६, रविवार

पेट्रोल उकळतंय! सापडलं एकदाचं. महिनाभर सगळे माझं डोकं खात होते — गाडी पहिल्या फेरीला भन्नाट पळते आणि तिसऱ्या फेरीला आचके का देते म्हणून. आज सरावाला धावपट्टीवर बॉनेट उघडलं, पेट्रोलच्या पाइपाला हात लावला आणि चटकाच बसला. एवढ्या उन्हात पेट्रोलची पाइपातच वाफ होते, इंजिनाला जातात नुसते बुडबुडे. कुंभार पिंपळगावात गॅरेजवाले चिकार आहेत, पण हे ओळखणारं डोकं एकच. लिहायला काय जातंय, इथं कोण वाचतंय!

तीन मेला जालन्याची शर्यत. सरळ पट्टी, शेजारी-शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की चारशे मीटर. आमच्या गटात दोन वर्षं राधेश्यामची पांढरी गाडी पहिली येतेय. त्याचं जालन्यात टायरचं दुकान आहे आणि बोलणं दुकानापेक्षा मोठं. यंदा त्याला गप्प करतो.

आमची गाडी मोनिका चालवते. माझी बायको. अंगाने हलकी, म्हणून मीच तिला बसवलं. या शर्यतीसाठी ती वर्षभर दिवस मोजते. घरातलं सगळं आवरून रिकाम्या गाडीत जाऊन बसते आणि नुसताच गिअर बदलत राहते. आईला वाटतं सुनेला कुणी काही केलंय. मला गंमत वाटते.

१ एप्रिल

किटली तयार! दुधाची पाच लिटरची किटली, आत तांब्याच्या नळीची वेटोळी. पेट्रोल टाकीतून निघणार, किटलीतल्या बर्फातून फिरणार आणि गारठून इंजिनात जाणार. गार पेट्रोल दाट असतं — वाफ नाही, बुडबुडे नाहीत. बॅटरी उचलून डिक्कीत टाकली, तिच्या जागी किटली बसवली.

बर्फ आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. जन्मभर कुल्फी विकली त्यांनी. जांबच्या यात्रेतून नुकतेच परत आलेत, त्यामुळे बर्फ, मीठ सगळं घरातच पडलंय. किटलीत डोकावून म्हणाले, "मीठ कुठंय? बिगरमिठाचा बर्फ म्हंजी नुस्तं गार पाणी. मूठभर जाडं मीठ टाक, मंग बघ कसा गोठवतो." आता कुल्फी गोठवणारा बर्फ तो! मी तीन मुठी टाकलं.

५ एप्रिल, रविवार

अर्धा सेकंद! पाचही फेऱ्यांत अर्ध्या सेकंदाने गाडी पुढे! किटलीवर हात ठेवला तर बोटं चिकटली. शर्यतीत अर्धा सेकंद म्हणजे काय, हे कळायला शर्यतच करावी लागते. समोरचा आपल्या डिक्कीकडे बघत येतो.

मोनिका घामाघूम होऊन उतरली. म्हणाली, "आवं, आज मी क्लच येगळा सोडून पाह्यला. टायर जागीच फिरत व्हते, आता बराबर धरतेत." मी म्हणालो, तुझा क्लच राहू दे, हात लावून बघ पाइपाला! तिने लावला. गार होता.

८ एप्रिल

किटलीला लाल रंग दिला. वर पांढऱ्या अक्षरात — अंगद. मोनिका म्हणाली, "लई छान. माझं नाव न्हाई का कुटं?" जागाच उरली नव्हती.

१२ एप्रिल, रविवार

आणखी कमी वेळ. राधेश्याम स्वतः येऊन किटली बघून गेला. जळतंय त्याचं.

१९ एप्रिल, रविवार

वाटोळं झालं.

काल अवकाळी पडून गेला. आज हवा अशी दमट की सदरा पाठीला चिकटत होता. रांगेत आमचा नंबर उशिरा आला, गाडी नुसती चालू ठेवून उभी. हिरवा दिवा लागला, गाडी शंभर मीटर गेली आणि खोकून बंद पडली. सगळ्यांसमोर! राधेश्यामने शिट्टी मारली.

ढकलत बाजूला आणली. प्लग, पाइप, कार्बोरेटर — सगळं खोलून पाहिलं, कुठे काही नाही. आणि पुन्हा किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू. म्हणजे गाडीत खोट नाही. मग राहिलं कोण?

मोनिका म्हणाली, "माझा पाय बराबर व्हता. गाडीचा गळा दाबल्यावानी झालं. तिला श्वासच घेता येत नव्हता."

मी चारचौघांत ओरडलो. गाडीला श्वास नसतो, म्हणालो.

२० एप्रिल

ठरलं. तीन मेला गाडी धर्मराज चालवणार. माझा चुलतभाऊ, ऊस वाहतुकीच्या ट्रकवर दहा वर्षं काढलेला माणूस, घाबरणारा नाही. गाडी पळते ती गार पेट्रोलवर, चालवायला कुणीही चालेल. हेच मोनिकाला जेवताना सांगितलं.

तिने ताटातली भाकरी पूर्ण खाल्ली. मग म्हणाली, "मंग बर्फालाच बसवा की गाडीत."

आई हसली. मला राग आला.

२२ एप्रिल

मोनिका माहेरी गेली, धावड्याला. चार दिवसांनी राग उतरला की येईल आपणच. दरवेळी येते.

२५ एप्रिल

राधेश्यामचा ड्रायव्हर मोटारसायकलवरून पडला, हात गळ्यात! शर्यत आठवड्यावर आणि त्याच्या गाडीला चालवणारा नाही. देव आपल्या बाजूने आहे.

२७ एप्रिल

पहाटे पुन्हा पाऊस शिंतडला. तशीच दमट हवा होती म्हणून गाडी अंगणात काढली, किटलीत बर्फ-मीठ भरलं, बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि चहा प्यायलो. कप खाली ठेवला तर कार्बोरेटर पांढरा झालेला! बर्फाचा थर, फ्रिजमध्ये साचतो तसा. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. टॉर्च लावून आत पाहिलं — हवा जायच्या वाटेत बर्फ.

समजलं सगळं. मिठाने पेट्रोल नको तितकं गार होत होतं, दमट हवेतलं पाणी तिथेच गोठत होतं. बंद पडल्यावर मिनिटभरात वितळून जायचं. म्हणून त्या दिवशी खोलून पाहिलं तर काहीच सापडलं नाही.

गाडीचा गळाच दाबला जात होता. तिने बरोबर सांगितलं होतं.

लाज वाटली. खरंच वाटली. मोबाइल हातात घेतला, तिचं नावही काढलं. मग विचार केला — आता सांगितलं तर धर्मराजला उतरवावं लागेल, त्याने तर गावभर सांगून ठेवलंय. आणि मी चारचौघांत ओरडलेलो, ते चारचौघांत परत घ्यावं लागेल. शर्यत होऊ दे. बक्षीस घेऊन धावड्याला जातो, सगळं समोर बसून सांगतो. तेव्हा तीही हसेल.

मीठ बंद केलं. नुसत्या बर्फावर तासभर चालवली, एकदाही खोकली नाही. शेवटी दोष काढला कुणी? मीच!

२९ एप्रिल

धर्मराजने पट्टीवर चार फेऱ्या मारल्या. गाडी सुसाट. आबा मात्र नाराज — "मीठ न्हाई तं बर्फाला काय अर्थ." समजावत बसलो नाही.

रात्री आई म्हणाली, "सुनंला आणाय जातो का न्हाई? शर्यतीला ती नसंल तं बरं दिसंल का?" फोन केला. उचलला नाही. धावड्याला रेंजचं कायम रडगाणं.

२ मे

सगळं तयार. आज पहिल्यांदा वाटतंय, राधेश्यामवर दया करावी! ड्रायव्हर मिळाला म्हणे त्याला ऐन वेळी. मिळू दे. आठ दिवसांत कोण काय शिकणार!

३ मे, रविवार

दुसरे आलो.

पेट्रोल गार होतं, पाइप स्वच्छ, धर्मराजने तसूभर चूक केली नाही. आपली गाडी इतक्या कमी वेळात कधीच पळाली नव्हती.

पहिली आली पांढरी गाडी. तिच्यात बर्फाचा खडासुद्धा नव्हता. मोनिका होती.