मामीचं गाणं आणि मेणाचा डबा

चि. नील,

बडोद्याहून दत्तूमामाचे भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघेही बरे आहोत (एका घरात राहून जितकं बरं असता येतं तितके). पुण्याची हवा मानवते ना? जेवण वेळेवर घेत जा.

तू दिलेल्या डब्याविषयी लिहायला बसलो की जीव खालीवर होतो. डब्याचा काही दोष नाही. आमच्या गल्लीतल्या, म्हणजे घडियाळी पोळमधल्या, गणपतीचा जुना अ‍ॅम्प्लिफायर तापतो, आणि पंखा लावला तर त्याची घरघर माइकमधून सगळ्यांना ऐकू येते, म्हणून तू त्याच्या पाठीला हा मेण भरलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा बसवून दिलास. मेण वितळता वितळता यंत्राची उष्णता शोषून घेतं. सगळं वितळलं की मात्र ते गोठेपर्यंत यंत्राला विश्रांती द्यायची, हे तू पुन्हापुन्हा बजावलंस. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं.

घशाच्या दुखण्यानंतर तुझी मामी इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच चारचौघांत गाणार होती. महिनाभर रियाज चालला होता. मी फक्त प्रास्ताविकाचे दोन शब्द बोलायचे होते (आणि मला दोन शब्दांत नमस्कारही करता येत नाही, हे तू जाणतोसच). तिच्या गुरूंपासून सुरुवात केली, मग तिच्या माहेरी गेलो, तिथे जरा रमलो. मखरामागे यंत्रापाशी बसलेले सुभानराव डब्याला हात लावून मला हातवारे करत होते. मला वाटलं, दाद देताहेत! म्हणून कॉलेजातली तिची बक्षिसंही सांगायला घेतली. शेवटी ते ओरडलेच, "दत्तोबा, हवे बस करो ने! आता पुरे! मेण संपलं सगळं वितळून!"

मामीनं डोळे मिटून पहिला स्वर लावला आणि तापलेलं यंत्र बंद पडलं. ती थांबली नाही, पण पुढच्या दोन रांगांपलीकडे काही पोचेना. मागची मंडळी प्रसाद घेऊन उठू लागली. तिनं ते पाहिलं. घरी येऊन तंबोऱ्याला गवसणी घातली आणि म्हणाली, "झालं माझं गाणं." कडकडून भांडली असती तर बरं झालं असतं रे. चहा वेळेवर मिळतो, साखरही नेहमीएवढीच असते, आणि मी तो पिऊन कप आपणहून विसळून ठेवतो. तिचं कौतुक करता करता मीच तिचं गाणं बुडवलं, याचं फार वाईट वाटतं.

तुझा,
दत्तूमामा

ता. क. : डबा तिप्पट मोठा करता येईल का? कोजागिरीला पुन्हा कार्यक्रम आहे. ती गाईल असं वाटत नाही, पण तिची क्षमा मागायला मी व्यासपीठावरून चार शब्द बोलणार आहे. सविस्तर.

ता. ता. क. (हे मामीचं अक्षर) : पत्र टेबलावर उघडं टाकून हे अंघोळीला गेलेत. डबा आहे तेवढाच राहू दे, नील. कोजागिरीला मी गाणार आहे, आणि आधी गाणार आहे. मग यांनी हवी तेवढी क्षमा मागावी.