दारामागचा कोट

अहो बंबवाले,

दारामागचा कोट शोधू नका, मी लॅबमध्ये नेलाय. छकुली रोज तो पांघरून झोपते. म्हणते, बाबाचा वास येतो. म्हणून काल त्याच्या बाहीचा तुकडा यंत्रात तपासला. पडद्यावर आलेखाची हळूहळू डोंगररांग उगवली, अगदी तिच्या चित्रातल्यासारखी. प्रत्येक डोंगर म्हणजे एकेक विष, जळलेल्या सोफ्यांच्या फोमचं, वायरींचं. बेन्झीन सगळ्यात उंच. आणि तुम्ही म्हणता, नुसता धूर तर आहे!

यापुढे कोट अग्निशमन ठाण्यावरच राहील. आज आंघोळ करून, जुना मऊ सदरा घालून तिला कुशीत घ्या. आधी रडेल, हा बाबा नाही म्हणेल. तरी सोडू नका. तुमचा खरा वास तिला अजून माहीतच नाही.