दोन पाळ्यांतल्या नवरा-बायकोला कुटुंब मानण्याबाबत

प्रति,
मा. घरवाटप अधिकारी,
कामगार गृहनिर्माण कार्यालय.

विषय : अपात्रतेचा निर्णय सोमवारच्या वाटपापूर्वी रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांच्या तीन भेटी.

महोदय,

अर्जदार बेकरीत रात्रपाळीला भट्टी सांभाळतो. त्याची पत्नी रुग्णालयाच्या धुलाईघरात दिवसपाळीला असते. भाड्याच्या खोलीत खाट एकच. एकाने उठायचे, मग दुसऱ्याने निजायचे. तिसऱ्याला पाय पसरायला जागा नाही, म्हणून सहा वर्षांची मुलगी मावशीकडे वाढते आहे. कष्टकरी कुटुंबांच्या योजनेत घर मिळाले तर ती घरी येईल. सोमवारी ते घर दुसऱ्याला जाणार आहे.

१. पहिल्या भेटीला निरीक्षक भरदुपारी आले. अर्जदार गाढ झोपेत होता. बायको कामावर गेल्याचे त्याने डोळे चोळत सांगितले. निरीक्षकांनी खाट पाहून शेरा मारला : 'एकटा इसम.'

२. तक्रार केल्यावर निरीक्षक दिवेलागणीनंतर आले. या वेळी पत्नी भेटली. नवरा भट्टीवर आहे, असे तिने परोपरीने सांगितले. शेरा : 'पतीने टाकलेली.' तो वाचून तिला अन्न गोड लागेना. एकाच खोलीत एवढी एकटी माणसे कशी, हे आपल्या कार्यालयात कोणालाही खटकले नाही.

३. तिसऱ्या भेटीसाठी दोघांनी हातापाया पडून रजा काढली. मावशी मुलीला घेऊन आली. कामाच्या दिवशी दोघे घरी कसे, असे निरीक्षकांनी विचारले. रजेचे सांगूनही शेरा पडला : 'दोघेही बेरोजगार. योजना काम करणाऱ्यांसाठी आहे.'

आता पुन्हा रजा मागितली तर बेकरीचा मालक घरी बसवील आणि हा शेरा तेवढा खरा ठरेल. म्हणून विनंती की, चौथी भेट सकाळी बसथांब्यावर घ्यावी. अर्जदार बसमधून उतरतो, पत्नी त्याच बसमध्ये चढते आणि चढताना खोलीची किल्ली त्याच्या हातात देते. दोघांचा संसार तेवढा वेळ एकत्र असतो. बस फार थांबत नाही, तरी निरीक्षकांनी आधी येऊन उभे राहावे.

साहेब, इतका वेळ 'अर्जदार' म्हणून लिहिले, पुढचे तसे लिहवत नाही. तिसऱ्या भेटीच्या दिवशी माझी मुलगी दारातच थबकली. आम्हां दोघांना एकत्र बसलेले पाहून तिने मावशीला हळूच विचारले, "कोण मेलं?"

निरीक्षक तिथेच उभे होते. त्यांनी ते लिहून घेतले नाही. कृपया लिहून घ्यावे.

आपला नम्र व झोपेला मुकलेला,
अर्जदार
(भट्टीकामगार, रात्रपाळी)

दिनांक : वाटपाआधीचा शुक्रवार

सोबत : दोघांच्या मालकांचे कामावर असल्याचे दाखले.